१ मेच्या यादीत सिंधुदुर्ग कुठे आहे?

‘१ मे : महाराष्ट्राच्या इतिहासातील ठळक घटना’ या यादीत १९६० साली राज्य स्थापन झालं इथवर सगळं नीट आहे, पण त्यानंतर थेट हल्लीच्या सोहळ्यांवर उडी मारलीत. मधलं सगळं गळलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना वेगळा झाला. १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया झाले. खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या कामाशी याच तारखांचा जास्त संबंध आहे.

आम्ही लालबागच्या चाळीतले, गाव कणकवली तालुक्यातलं. बाबा गिरणीत होते आणि पगार झाला की आजीला मनीऑर्डर करायचे. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. ८१ च्या मे महिन्यात सवयीने ‘जि. रत्नागिरी’ लिहिलं, तर बाबांनी पेन घेऊन स्वतः खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘सिंधुदुर्ग’ लिहिलं. मग दोनदा वाचून बघितलं. कचेरीच्या कामासाठी रत्नागिरीला जायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस मोडायचा, ते त्यांनी सोसलं होतं, म्हणून त्यांना केवढा आनंद! पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या मनीऑर्डरी थांबल्या. नव्या जिल्ह्याच्या पत्त्यावर जेमतेम आठ गेल्या असतील. लेखात हे चार जिल्हे कृपया घाला.