सिंधुदुर्गाला पाइल नव्हते, म्हणून खाडीवरच्या पुलालाही नकोत?

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं पाइलशिवाय (म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांशिवाय) समुद्रात उभा आहे, कोकणात जांभा लागला की पाया झाला, खाजणात (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीत) भराव टाकून दोन पावसाळे मुरू दिला की पुरे, आणि माती परीक्षण, पाइल वगैरे सगळा ठेकेदारांचा धंदा, असं त्यात म्हटलंय. मी पायाच्याच कामात आहे. हा मेसेज खरा मानून लोक बांधकामं काढतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी किल्ला. 1664 मध्ये मालवणसमोर ज्या कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं, ते बेट म्हणजे खडक. तटाचा भार थेट खडकावर जातो, मग पाइल कशाला? महाराजांनी जागा पारखून घेतली, आणि पायाचं निम्मं काम तिथेच झालं. शिवडी आणि न्हावा शेवा जोडणाऱ्या अटल सेतूला अशी जागा निवडायची सोय नव्हती. त्याच्या 21.8 किलोमीटरपैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. म्हणून पाइल गाळातून खाली नेऊन खडकात रोवावे लागले. नियम दोन्हीकडे एकच: भार खडकावर द्यायचा.

जांभ्याचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, एकमजली घर बांधायचं तर जांभा उत्तमच, तिथे पाइल सांगणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण जांभा वरून खालपर्यंत सारखा नसतो. उष्ण, पावसाळी हवेत खडक कुजून लोह आणि अ‍ॅल्युमिनियम वर राहतात, त्यांचं कठीण कवच बनतं. त्याखाली बऱ्याच ठिकाणी फिकट, मऊ, चिकट माती असते. चिरेखाणीत उतरून पाहा: मऊ थर लागला की चिरे काढणं थांबतं. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून झिरपून खालची माती धुऊन नेतं आणि कवचाखाली पोकळ्या होतात. माती परीक्षणात आम्ही बोअर, म्हणजे जमिनीत खोल भोक, घेतो, आणि त्यात उतरवलेल्या नळीवर साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकून ती ठरावीक खोल जायला किती ठोके लागतात ते मोजतो. कवचात आकडा भरपूर येतो, आणखी खाली गेल्यावर कोसळतो. ज्याने कवचावरच बोअर थांबवला त्याला हे कधीच कळत नाही. याच जांभ्याच्या मुलखात, गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात, ओल्या मऊ मातीने कोकण रेल्वेला बांधताना रडवलं, आणि ऑगस्ट 2020 च्या पावसात त्याच बोगद्याची भिंत ढासळली.

आता भराव. सैल मुरूम पावसाने थोडा दबतो, हे खरं. पण खाजणातली चिकणमाती आधीच पाण्याने भरलेली असते. तिच्यातलं पाणी पिळून निघेल तेव्हाच ती बसते, आणि ते पाणी फार हळू निघतं. पाण्याची वाट दुप्पट लांब झाली की वेळ चौपट होतो. तीन मीटर थराला एक वर्ष लागत असेल, तर तशाच बारा मीटर थराला सोळा वर्षं! दोन पावसाळ्यांचा हिशेब कुठे बसतो? म्हणून मातीत साधारण एक ते दीड मीटर अंतरावर प्लास्टिकच्या निचरा-पट्ट्या उभ्या खुपसतात आणि वर जादा भरावाचं वजन ठेवतात. पाण्याला जवळची वाट मिळते, वर्षांचं काम महिन्यांत होतं. न्हावा शेवा बंदरात हेच केलं आहे. अशा न बसलेल्या भरावातून नुसते पाइल घातले, तर बसणारी माती त्यांनाच खाली ओढते, म्हणजे इमारतीच्या भारावर मातीचा भार वर चढतो.

धंद्याबद्दल थोडक्यात: गरज नसताना पाइल घातले जातात, आणि ते बहुतेक वेळा परीक्षण टाळल्यामुळेच. बोअरचा अहवाल हातात असेल तर साधा पाया पुरतो हेही त्यातूनच सिद्ध होतं.

खाडीलगत फ्लॅट घेताय? मग बिल्डरकडे तो अहवाल मागा. बोअर किती खोल गेला, खडकात किती मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढला, पाइलची लोड टेस्ट (भार ठेवून चाचणी) झाली का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.