जोंधळ्याच्या भाकरीवर सहारा पार होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार वाटांनी आला. शहापूरच्या व्यायाम मंडळाच्या ग्रुपवर, निपाणीच्या मेव्हण्याकडून, एका लग्नाच्या ग्रुपवर (लग्न होऊन दोन वर्षं झाली, ग्रुप अजून जिवंत आहे), आणि शेवटी येळ्ळूरच्या भाच्याकडून. भाचा लष्करभरतीची तयारी करतो. त्यानं खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, हे खरं हाय काय?"

मेसेज लांबलचक आहे, त्यातले झेंडे आणि वाघ वगळून सांगतो. सहारा वाळवंटात गोरे लोक सहा-सात दिवसांत 250 किलोमीटर धावतात आणि त्याला जगातली सर्वांत अवघड शर्यत म्हणतात. अथणी-रायबागच्या उन्हात, जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या पोराला त्यात अवघड काही नाही, सरावही नको. चालणं म्हणजे हार, पळतच राहायचं. आपले वारकरी तेवढंच चालतात. बुटांची गरज नाही, ऑलिंपिकमध्ये बिकिला अनवाणी जिंकला. पाणी मिळेल तेवढं प्यावं आणि मीठ टाळावं, कारण मीठ अंग सुकवतं. बाकी सगळा मनाचा खेळ, एक इटालियन तर नऊ दिवस पाण्याविना जगला. आणि शेवटी, ही शर्यत म्हणजे श्रीमंतांची मौज, जाण्यात काही अर्थ नाही.

यातलं एक वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, दोन अर्धी खरी आहेत आणि एकानं माणूस मरू शकतो. म्हणून हा खटाटोप.

ज्या शर्यतीबद्दल हे चाललंय ती मोरोक्कोतली माराथॉन दे साब्ल. पॅट्रिक बाउअर नावाच्या फ्रेंच माणसानं 1984 मध्ये एकट्यानं सहारात साधारण 350 किलोमीटर पायी पार केले आणि 1986 मध्ये त्यातून ही शर्यत सुरू केली.

आता उन्हाचं. अथणीचं ऊन कडक आहे, त्यात वाद नाही. पण त्या उन्हात आपण करतो काय? एप्रिलमध्ये अथणीकडचा शेतकरी बारा वाजले की बांधावरच्या लिंबाखाली बसतो. चारला पुन्हा उठतो. तो शहाणा आहे. आणि आमची भरतीची पोरं पळतात ती पहाटे पाचला, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा रेसकोर्सच्या बाजूला, अंगात स्वेटर घालून. म्हणजे ऊन आपल्या गावात आहे, आपल्या धावण्यात नाही. त्यातून बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. भर मे महिन्यातही संध्याकाळी वळवाचा गार वारा सुटतो. या हवेत वाढून वाळवंटाची सवय कुठून व्हायची?

शरीराला उष्णतेची सवय लागते, पण ती उन्हात श्रम करूनच. साधारण दहा ते चौदा दिवस रोज तासभर तापलेल्या हवेत घाम गाळला, की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्या घामातून मीठ कमी जातं. सोडून दिलं तर काही आठवड्यांत ही सवय उतरते. ती रक्तातून किंवा आजोबांकडून येत नाही. थंड देशांतले स्पर्धक शर्यतीआधी सौना घेतात, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसतात, धावून आल्यावर कढत पाण्यात बसतात. आपल्याला हसू येतं, पण मोरोक्कोत उतरताना त्यांचं अंग तयार असतं आणि पहाटे पाचला पळणाऱ्या आपल्या पोराचं नसतं.

इथं एक गोष्ट मान्य करतो. लहसेन अहन्साल ही शर्यत दहा वेळा जिंकला आणि तो तिथल्याच, झागोराच्या बाजूचा. वाळू कुठं घट्ट, कुठं भुसभुशीत, हे त्याच्या पायांना कळायचं. जन्मभूमीचा फायदा असतो. पण झागोरा म्हणजे रायबाग नव्हे, आणि तोही वर्षानुवर्षं सराव करूनच जिंकला.

वारकऱ्यांचा मुद्दा मला जास्त झोंबला, कारण मी स्वतः दोनदा वारीला गेलोय. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, हे बरोबर. पण ते आपण जवळपास तीन आठवड्यांत चालतो. पावसाळा तोंडावर असतो. गावोगावी चहा, पिठलं-भाकरी, पायाला तेल चोळणारे. आणि मुख्य म्हणजे दिंडीचा ट्रक! तंबू, भांडी, वळकट्या सगळं ट्रकात. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि एक शबनम.

तिकडे स्वतःचं सामान स्वतः वाहायचं. पाणी आयोजक देतात. रात्री झोपायला तंबूही देतात. बाकी आठवड्याचं अन्न, झोपायची पिशवी, चाकू, होकायंत्र, शिट्टी, इशाऱ्याचा आरसा, सगळं पाठीवर. सॅक कमीत कमी साडेसहा किलोची आणि जास्तीत जास्त पंधराची. दिवसाला निदान 2000 कॅलरींचं खाणं जवळ असलंच पाहिजे, नाहीतर दंड. झोपायची पिशवी कशाला, असं भाच्यानं विचारलं. वाळवंटाची रात्र गार पडते म्हणून. दिवसा भाजतं आणि रात्री दात वाजतात.

आणि हो, तिथं बहुतेक जण चालतातच, निदान टेकड्यांवर आणि खोल वाळूत. सगळ्यांच्या मागून उंट येतात. उंट तुमच्या पुढे गेले की तुमची शर्यत संपली. तेव्हा "चालणं म्हणजे हार" हे मेसेजमधलं वाक्य सोडूनच देतो.

खाण्याचा हिशोब मात्र मला आवडतो, थोडा रेंगाळतो. सात दिवसांचे 2000 प्रमाणे 14,000 कॅलरी. जोंधळ्याच्या कोरड्या पिठातून त्या मिळवायच्या तर चार किलोच्या वर पीठ लागेल, आणि ते तिथं भाजणार कोण? ताजी भाकरी न्यावी तर तिच्या वजनातला मोठा वाटा पाण्याचा, शिवाय तिसऱ्या दिवशी बुरशी. याला आपल्या भागात शतकानुशतकांचं उत्तर आहे, ते म्हणजे कडक भाकरी. पातळ, वाळवलेली, महिनाभर टिकणारी. पण खरा राजा शेंगदाणा. 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी. नुसत्या शेंगदाण्यावर सात दिवस काढायचे ठरवले तर अडीच किलोत भागतं, अर्थात तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं नावही नको होईल. म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी, थोडा गूळ, खजूर असा मेळ. परदेशी स्पर्धक पाकिटातलं वाळवलेलं जेवण नेतात, तत्त्व तेच: पाणी काढा, चरबी ठेवा. मेसेजवाल्यानं भाकरीचा अभिमान सांगितला, पण तिचं वजन केलं नाही.

बिकिलाची गोष्ट मेसेजमध्ये अर्धीच आहे. अबेबे बिकिला 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला, हे खरं. ती शर्यत संध्याकाळी सुटली, अंधारात संपली, रस्त्यावरची आणि 42 किलोमीटरची. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत, आणि त्या वेळी पायात बूट होते. हे कुणी पुढे पाठवत नाही.

दुपारी वाळवंटातली वाळू साठ अंशांच्या वर तापते. पण वाळवंटात पाय मुख्यतः भाजून जात नाहीत, फोडांनी जातात. बारीक वाळू बुटात शिरते, घामाने ओल्या कातडीवर कानशीसारखी घासते. फोड आला की माणूस पाय वाकडा टाकतो, मग गुडघा, मग कंबर. म्हणून बुटावर गेटर, म्हणजे वाळू अडवणारं कापडी आवरण, चढवतात, त्यासाठी बुटाला कडेनं वेल्क्रो शिवून घेतात. बूट नेहमीपेक्षा मोठे घेतात, कारण पाय सुजतात. कुणी म्हणेल, मग आपली चप्पल? अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातची चप्पल अप्रतिम, 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. पण ती उघडी. वाळू आत येते आणि अंगठ्याशी बसते. लग्नात घाला.

आता ज्यानं माणूस मरू शकतो ते वाक्य: "पाणी मिळेल तेवढं प्या, मीठ टाळा."

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी अथणीहून विजापूरच्या रस्त्याला 35 किलोमीटर पळायचं ठरवलं. एक मित्र मोटरसायकलवर बाटल्या घेऊन. तेव्हा माझाही समज हाच, की उन्हात पाणी म्हणजे अमृत. दर दोन किलोमीटरला अर्धी बाटली, तहान असो नसो. पंचविसाव्या किलोमीटरनंतर बोटातली अंगठी रुतायला लागली. मग डोकं ठणकायला लागलं, मळमळ, आणि मित्राचं नाव आठवेना. तो म्हणतोय, "पाणी कमी पडलंय तुला, पी की अजून." मी प्यायलो. रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथंही उन्हाचा त्रास म्हणून आधी ग्लासभर पाणीच हातात दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, 126 निघालं. ते 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवं. माझ्या अंगात पाणी कमी नव्हतं, फाजील झालं होतं.

हे असं होतं की लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवायचा संप्रेरक सोडतं, लघवी कमी होते, आणि आपण वरून ओतत राहतो. रक्त पातळ होतं. पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून जवळचा माणूस प्रेमानं अजून पाणी पाजतो. बोस्टन मॅरेथॉनमध्ये 2002 साली 488 धावपटूंचं रक्त तपासलं. त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम खाली होतं. 2005 मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्यांचं वजन शर्यतीनंतर वाढलं होतं त्यांना धोका सर्वांत जास्त. धावून आल्यावर वजन वाढतं म्हणजे काय, जरा विचार करा.

मिठाबद्दल उलटं टोकही नको. माराथॉन दे साब्लमध्ये मिठाच्या गोळ्या वापरतात, आणि दिवसभर घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. पण गोळी खाल्ली म्हणून वाटेल तेवढं पाणी प्यायचा परवाना मिळत नाही. बोस्टनच्या त्या अभ्यासातही साधं पाणी प्यायलेले आणि खेळाडूंसाठीचं रंगीत पेय प्यायलेले यांच्यात फरक दिसला नव्हता. तहानेला पाणी, आणि पळण्याआधी-नंतर वजनकाटा. आमच्याकडची नाचणीची आंबील, मीठ घालून, मला सरावात कुठल्याही पाकिटापेक्षा बरी वाटते, पण ती माझी आवड आहे, शास्त्र नव्हे.

इटालियन माणूस म्हणजे मौरो प्रॉस्पेरी. 1994 च्या शर्यतीत वाळूच्या वादळात तो वाट चुकला आणि नऊ-दहा दिवसांनी अल्जेरियात सापडला. पण "पाण्याविना" नाही. स्वतःची लघवी प्यायला, एका ओसाड दर्ग्यातल्या वटवाघळांचं रक्त प्यायला, आणि गारव्याच्या वेळी चालला. वजन पंधरा किलोंहून जास्त उतरलं, यकृत बिघडलं. वादळ आलं की जागीच थांबायचं अशी सूचना होती, तो चालत राहिला. त्याची जिद्द मोठीच, पुढे तो त्याच शर्यतीत पुन्हा उतरला. पण तो हरवला तोही जिद्दीमुळेच, हे मेसेज सांगत नाही. 2021 ची शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली, भयंकर ऊन आणि पोटाचे विकार, जवळपास निम्म्यांनी मध्येच सोडली. एक फ्रेंच धावपटू गेला. त्या सगळ्यांची मनं कच्ची होती, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

श्रीमंतांची मौज, हे मात्र बऱ्यापैकी खरं. प्रवेशशुल्क हजारो युरो, वर विमान, सामान. आमच्याकडे तेवढ्यात दोन एकरांना ठिबक होईल. गंमत अशी की ज्या मेसेजनं सुरुवातीला आपल्या पोरांना सहाराला धाडलं तोच शेवटी म्हणतो, जाण्यात काही अर्थ नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. भरतीतल्या 1600 मीटरसाठी साडेपाच मिनिटं तो आता सहज गाठतो, त्यामुळे मामाचं ऐकायची फारशी गरज त्याला वाटत नाही. तरी म्हणाला, करून बघतो. रविवारी दुपारी सॅकमध्ये सात किलो भरून, आत आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन राजहंसगडाचा किल्ला चढला. संध्याकाळी फोन आला. खांदे सोलले होते, आणि तक्रार वेगळीच होती: "मामा, भाकरीचा पार चुरा झाला की ओ. चमचा पण नव्हता."