इर्शाळवाडीची माणसं राहिली

पोलीस आणि अग्निशमन जवानांच्या न दिसणाऱ्या माणुसकीवरचा लेख आवडला, पण रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातली डोंगरावरची इर्शाळवाडी राहिलीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, जेसीबी चढणं शक्यच नव्हतं. मग काय, भर पावसात घमेली-फावडी घेऊन निसरड्या वाटेनं चढायचं आणि हातानं चिखल उपसायचा! नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकारानं गेला. मृतदेह खाली आणणं कठीण, म्हणून अंत्यविधीही वरच झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे चढून गेले ते वाहिन्यांनी दाखवलं, चांगलंच केलं. त्या अधिकाऱ्याचं नाव मात्र खालापूरबाहेर किती जणांना आठवतं? पुढच्या भागात त्यांच्यावर जरूर लिहा.