अख्खं पान मिक्सरला लावण्याआधी

आठवडाभरात तो मेसेज मला पाच जणांनी पाठवला. गावच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, शेवटी दहिवडीच्या मामांनी खास मला वेगळा धाडला, वर ‘वाच आणि लाव’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: कोरफडीचं अख्खं पान सालीसकट मिक्सरला लावून रोज उपाशीपोटी प्या; साखर, सांधेदुखी, कॅन्सर सगळं जातं; आयुर्वेदातली वनस्पती असल्यामुळे अपाय शून्य; आणि माण-खटाव, जत-आटपाडीच्या माळावर ती पाण्याशिवाय एकरी पाच लाख देते, कंपनी दारातून माल उचलते.

मामा, फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून लिहितोय.

आधी ते ‘सालीसकट’ बघू. पान कापून उभं धरा. कापल्या जागेतून पिवळा चीक गळतो. बोटाला लागला तर डाग पडतो, जिभेला लागला तर तोंड कडूजहर होतं. हा चीक सालीला आतून लागून असतो, मधला पारदर्शक गर वेगळा. आमची आजी पान कापलं की डब्यात उभं करून ठेवायची, कडू उतरू द्यायची. मग धुऊन, कडेचे काटे तासून, साल सोलून गर काढायची. मेसेजवाल्यानं नेमकं हेच गाळलंय. या चिकात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं, त्यानं जोराचे जुलाब होतात. वाळवलेला चीक म्हणजे काळा बोळ. वैद्य तो मोजून-मापून देतात, पेला भरून नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2002 मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून कोरफड काढायला लावली. चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क पाण्यातून दोन वर्षं दिल्यावर उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या अर्काला ‘कॅन्सर होण्याची शक्यता’ असलेल्या गटात घातलं. शक्यता म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, आणि हे सोललेल्या गराबद्दलही नाही. पण कॅन्सरवर उपाय म्हणून नेमकं तेच अख्खं पान पाजायचं, याला काय म्हणायचं?

अपाय शून्य म्हणे! भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात कुमारीचे, म्हणजे कोरफडीचेच, गुण सांगताना सुरुवातच ‘भेदनी’ या शब्दानं होते, म्हणजे कोठा मोकळा करणारी. शास्त्रच आधी जुलाबाचं सांगतंय. म्हणून तर गरोदर बाईला ती द्यायची नाही.

साखरेचं म्हणाल तर काही छोट्या चाचण्यांत ती थोडी उतरलेली दिसते. पण गोळी चालू असताना वर हा रस घेतला तर साखर नको इतकी खाली येऊ शकते, आणि रसाच्या भरवशावर गोळी सोडली तर विचारूच नका. सांधेदुखीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वरून लावायला मात्र कोरफड गुणाची आहे. 2007 मध्ये भाजलेल्या रुग्णांवरच्या चार अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात कोरफड लावलेल्यांच्या जखमा सरासरी नऊएक दिवस लवकर भरल्याचं दिसलं. अभ्यास थोडेच, तरी तव्याचा चटका बसला की मी आजही कुंडीकडेच धावतो. मोठं भाजलं तर दवाखाना.

आता शेती. आपल्याकडे नजर लागू नये म्हणून कोरफड मुळासकट उपटून चौकटीला उलटी टांगतात. महिनोन् महिने ती जगते, कारण तिची पानांवरची छिद्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात, आणि पाणी आत राहतं. पण मामा, तुमच्या दारावरचीच बघा की. पानं सुरकुतून पातळ पडलीत. आणि विकायचा असतो तो गरच. गरात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणी, ते आपणच द्यायचं. जास्त झालं की मुळं कुजतात, म्हणून निचऱ्याची जमीन हवी. बिनपाण्यानं एकरी पाच लाख मिळत असते तर आटपाडीकर टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची इतकी वर्षं वाट कशाला बघत बसले असते?

हिशेबही करू. दोन बाय दोन फुटांवर लावली तर एकरी 10,890 रोपं बसतात. आमच्या भावकीतल्या एकानं अर्धा एकर लावली. पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटणारी रोपं, कंपनीनंच दिली, पाच रुपयाला एक. म्हणजे सत्तावीस हजार तिथंच गेले. पानं काढायला आल्यावर फोन लागेना. पान तोडलं की गर लवकर तांबूस पडतो, त्यामुळे तो तासांच्या हिशेबात कारखान्यात जायला हवा. त्यात वाहनभाडं देऊन न्यायचं काय, तर बहुतेक पाणीच! शेवटी फणानं उपटून बांधावर टाकली. बांधावर ती मजेत जगतेय. पिल्लंही सुटलीत, फुकट घेऊन जा. लावायचीच असेल तर आधी कारखाना गाठा, पिल्लं विकणारा नव्हे, पानं घेणारा. आणि करार घरी आणून वाचा.

राहिला तुम्ही पाठवलेला फोटो, ‘आपल्या बांधावरची गावठी कोरफड’ म्हणून. टोकाला सुईसारखा कडक काटा आहे, बघितला का? ती घायपात आहे. तिचा रस अंगाला लागला तरी खाज सुटते. मामींना सांगा, मिक्सर काढू नका.