आयडिया माझी, देठं सगळ्यांची

आयडिया सुचली तेव्हा मी आडवा होतो. मार्चअखेरचा रविवार, पोटात तांबडा-पांढरा, डोक्यावर पंखा पाचवर. पुण्याच्या आतेबहिणीचा फोन आला, "दादा, मामीला सांग, यंदा दोन किलो चटणी जास्त कर. ऑफिसातल्या बायका मागायला लागल्यात."

परगावच्या वाचकांसाठी सांगून टाकतो, कोल्हापुरात चटणी म्हणजे डोशाशेजारी वाटीत येते ती नव्हे. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात एकदा करायचा, बरणीत दाबून भरायचा आणि वर्षभर कालवणापासून भडंगापर्यंत सगळ्याला वापरायचा.

फोन ठेवला आणि ट्यूब पेटली. ही विकायची! पाकिटात, लेबल लावून. डाव्या कुशीवर नाव ठरलं. उजव्या कुशीवर वळेपर्यंत पहिला डबा दुबईला पोचला होता. चहाला उठलो तेव्हा मी जवळजवळ उद्योजक होतो.

आई लसूण सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं, दुबईसकट.

"कर की," ती म्हणाली. "देठं कोण काढणार?"

एवढ्या मोठ्या योजनेवर एवढा किरकोळ प्रश्न यावा, याचं मला जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो. मिरची तीन तऱ्हेची लागते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी झटक्याला. आता ब्याडगी गाव हावेरी जिल्ह्यात आणि संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे अस्सल कोल्हापुरीतली दोन नावं सरळ कर्नाटकातली. (गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी येते म्हणून आपली लाज थोडी राहते.) आई प्रत्येक पोत्यात हात घालून मूठभर मिरची कानाशी हलवून बघत होती. आत बी खुळखुळलं की मिरची वाळलेली, नाही वाजलं की ओल आहे. मी शेजारी उभा राहून मोबाईलवर दर ताडून बघत होतो.

"फोनमधनं वास येतोय व्हय रं?" तिनं विचारलं. दुकानदार हसला. मी फोन खिशात टाकला.

पाच किलो मिरची घरी आली आणि आईचा तो किरकोळ प्रश्न सतरंजीवर पसरला. एका किलोत मिरच्या किती, हे मोजायला मी उत्साहानं सुरुवात केली, दोनशेवर नाद सोडला. देठ काढायचं म्हणजे नुसतं ओढायचं नाही. नुसतं ओढलं तर देठाबरोबर निम्मं बी सांडतं. अंगठ्याच्या नखानं टोपीखाली दाबून हलकेच वळवायचं, मग ते टक्‌ करून सुटतं. आई आणि बायको यांचं टक् टक् टक् चालू होतं, गप्पा मारत. माझं एक टक् आणि मग बराच वेळ शांतता. मध्येच मी पंखा लावला. पाच मिनिटांत अख्खं घर, शेजारचे काका आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं एका सुरात शिंकायला लागलं.

तासाभरानं डोळ्याला खाज आली. पुढचं सांगायला नको, पण सांगतो. डोळा चोळला. बोंबलत मोरीत गेलो आणि हात पाण्यानं खसाखसा धुतले, त्यानं आग बोटांवरून मनगटापर्यंत सरकली. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. आईला कॅप्सेसिन हा शब्द आजही माहीत नाही, पण देठांना हात लावायच्या आधी तिनं आणि बायकोनं तळहाताला गोडेतेल लावलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही लोगो बघत होता, अहो," बायको म्हणाली.

मिरच्या गच्चीवर टाकल्या. तीन दिवस कडकडीत ऊन पडलं. चौथ्या दिवशी साडेचारला मी मित्राबरोबर पाकिटाच्या रंगावर खल करत बसलो होतो, आणि ज्योतिबाच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वळीव! वळवाचं एक बरं असतं, तो आधी वास पाठवतो. मातीचा वास आला तसं घरातल्या तिन्ही पिढ्या जिन्यावर एकमेकांना ढकलत वर पळाल्या. चारी टोकं धरून चादर उचलली, माझं टोक सुटलं, एक किलोभर ब्याडगी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेली. आम्ही पत्र्यावर उतरून ती वेचली. अंगावर गारा, हातात मिरच्या. हे दृश्य कुठल्या जाहिरातीत दाखवणार?

पण खरी कुस्ती पुढंच होती. धंदा म्हणजे प्रमाण आलं. प्रत्येक पाकिटाला तीच चव यायला पाहिजे. मी वही काढली आणि विचारलं, "धणे किती?"

"अंदाजानं."

"तीळ?"

"मिरचीच्या मानानं."

"खोबरं?"

"दिसतंय की रं किती ते!"

शेवटी मी बाजारातनं वजनकाटा आणला आणि कढईपाशी ठाण मांडलं. आई मूठ भरायची, मी ती हवेतच अडवून काट्यावर रिकामी करायला लावायचो. धण्याची पहिली मूठ अडतीस ग्रॅम, दुसरी बावन्न, तिसरी पंचेचाळीस. मी म्हटलं, "बघ, एका मुठीचा दुसरीला मेळ नाही." ती म्हणाली, "पहिले धणे नवे हाईत, वास बघ की. दुसरे मागल्या वर्षीचे." वास घेतला. खरंच, दुसऱ्या डब्यातल्यांना निम्माच वास होता. म्हणजे मूठ चुकत नव्हती, माझा काटा चुकत होता. त्या वहीतली सहा पानं आजही आहेत. त्यात "धणे (नवे)", "धणे (जुने)", "कांदा, वाळवून तळलेला, खरपूस पण करपलेला नाही, म्हणजे नेमका कसा ते आईला विचारणे" असल्या नोंदी आहेत. दगडफुलापुढं मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. आईच्या हाताचा अंदाज ग्रॅममध्ये उतरवायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी घरी नुसताच बसून आहे, असा गल्लीचा समज झाला.

"काय चाललंय सध्या?" कोणीतरी कट्ट्यावर विचारलं.

"विचार करतोय."

"मग ठीक आहे, लगा. मला वाटलं आजारी हाईस."

डबे घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवर, निघालो तेव्हा रिक्षा खरी कॉर्नरवरून गेली. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. 1918 साली त्यांनी कोल्हापुरात सिनेमाचा स्वदेशी कॅमेरा बनवला, हे आमच्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण आधी आनंदराव आणि बाबूराव हे नात्यातले दोघं भाऊ या खटाटोपात होते, आनंदराव 1916 मध्येच गेले, आणि उरलेलं काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तडीस नेलं, हे पाठ करायला कोणी लावत नाही. एकेक दात, एकेक चाक घासत त्यांच्या घरच्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल! हे सगळं मला सुचलं खरं, पण मांडीवर कांद्याचा गरम डबा होता, त्यामुळं फार वेळ सुचलं नाही.

एप्रिल-मे महिन्यात डंकावरची रांग बघावी. बायका पहाटेपासून डबे लावून बसतात, तोंडाला पदर. आत लोखंडी मुसळं धपाधप पडत असतात, हवा लाल. कांडपवाल्या मामांना शिंक येत नाही, हा निसर्गाचा चमत्कार आहे. आधी मिरची आणि खडा मसाला कांडून चाळायचा, वरचा भरडा परत टाकायचा, मग शेवटच्या घाण्याला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, आणि मीठ. आईनं पिशवीतनं खडेमिठाची पुडी काढली आणि सोडायला लागली.

"थांब!" मी ओरडलो. "वजन करायचंय!"

तेवढ्यात मित्राचा फोन. "भावा, लोगोत मिरची उभी पाहिजे का आडवी?" हा प्रश्न डंकाच्या आवाजात समजायला आणि सुटायला दहा मिनिटं लागली. (आडवी ठरली.) परत आलो तर घाणा उतरला होता, मामांनी पुढची बाई घेतली होती.

मग पाकिटं. एफएसएसएआयची नोंदणी केली होती, लेबलावर हिरवा ठिपका, निव्वळ वजन, तारीख, घटकपदार्थ, सगळं नियमानं. अडीचशे ग्रॅमची चाळीस पाकिटं रात्री दीडपर्यंत सीलबंद केली आणि टेबलावर रांगेत उभी केली. फोटो काढला. मित्राचं उत्तर आलं, "विषय हार्ड!"

तळाला उरलेली चिमूटभर चटणी आईनं तळहातावर घेतली, जिभेला लावली. थांबली. परत लावली. तिचा चेहरा लक्ष्मीपुरीत ओल्या मिरचीला झाला होता तसा झाला.

बायकोनं कोपऱ्यातली रिकामी पिशवी झटकली. त्यातनं कागदाची पुडी पडली, दोऱ्यानं बांधलेली, गच्च भरलेली.

"अहो, ही कसली पुडी?"

मी एक पाकीट उचललं आणि मागची बाजू वाचली. घटकपदार्थांच्या यादीत सगळ्यात शेवटी, मी स्वतः तीनदा तपासलेला शब्द होता: मीठ.

आई भिंतीला टेकून बसली, पाय पसरले, आणि म्हणाली, "कात्री आण."