न्यूटनच्या झाडाभोवतीचं कुंपण

आई-बाबा इंग्लंडला आले होते, तेव्हा त्यांना वूल्सथॉर्प मॅनरला घेऊन गेले. लिंकनशायरमध्ये, ग्रँथमजवळ. नावात मॅनर असलं तरी वाडाबिडा नाही. मेंढ्या पाळणाऱ्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं दगडी घर. न्यूटन इथे जन्मला, १६४२ च्या नाताळात. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा तो इथेच परतला. वरच्या खोलीत काचेच्या लोलकाने प्रकाशाचे प्रयोग केले, आणि घरासमोरच्या बागेत ते सफरचंद.

डोक्यावर पडलं नव्हतं हो! शाळेत आपल्याला उगाच तसं सांगतात. म्हातारपणी, १७२६ मध्ये, सफरचंदाच्या झाडांखाली चहा पिताना त्याने स्ट्यूकली नावाच्या मित्राला ती आठवण सांगितली. फळ नेहमी सरळ खालीच का येतं, आडवंतिडवं का जात नाही, हा विचार तेव्हा मनात आला म्हणाला.

ते झाड अजून आहे. 'फ्लॉवर ऑफ केंट' जातीचं, शिजवून खायच्या सफरचंदांचं. १८२० च्या सुमारास वादळात कोसळलं, पण मुळं पुरती तुटली नव्हती. पडल्या जागी पुन्हा मूळ धरून वाढलं. बाबांनी कोकणात उभा जन्म आंब्याची कलमं बांधण्यात घालवला. ते बघतच राहिले. म्हणाले, "अगं, हे तर दाब कलमच झालं की, आपोआप!"

झाडाभोवती काटक्या विणून केलेलं बुटकं कुंपण आहे. आम्ही होतो तेवढ्यात दोघेजण फोटोसाठी ते ओलांडून आत गेले. आमच्या शेजारच्या बाईंनाही वाटत होतं, एवढ्या लांब येऊन हातसुद्धा लावायचा नाही? मला मात्र ते कुंपण शंभर टक्के पटतं. रोज शेकडो पावलं पडली की माती घट्ट होते, मुळांपर्यंत हवा-पाणी पोचत नाही, आणि झाड हळूहळू आतून मरतं. बाबा म्हणाले, झाडाला खताइतकीच भुसभुशीत मातीही लागते. वादळातून वाचलेलं झाड आपल्या सेल्फीपायी जावं?

कलमं जगभर आहेत, हे खरं. पण त्यांच्या भरवशावर राहू नये. केंब्रिजच्या बोटॅनिक गार्डनमधलं फेब्रुवारी २०२२ च्या युनिस वादळात पडलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातही याच वंशाची कलमं लावली होती, ती फार काळ जगली नाहीत. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं. कलम बांधायला खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, कुठला वापरला होता, हे ते मला दोनदा विचारत होते.

१९४३ पासून ही जागा नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिकिटाचे पैसे अशा राखणीला जात असतील तर मी दरवर्षी आनंदाने देईन.

निघताना बाबा कुंपणाबाहेर उकिडवे बसून बराच वेळ बुंध्याकडे बघत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मे महिन्यात परत येऊ. मोहोर बघायचाय."

व्हिसाचं बघायला घेतलंय.