काळ्या पट्ट्यांखाली काहीही दडवलेलं नाही

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्यांच्या आणि शेवटी आत्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मजकूर थोडक्यात असा: टीव्हीवर सिनेमा लावला की वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात, त्यांच्याखाली चित्र झाकलेलं असतं. रिमोटवरून ‘झूम’ किंवा ‘फुल’ करा, सिनेमा पूर्ण दिसेल. पैसे अख्ख्या स्क्रीनचे मोजलेत, मग कमी का बघायचं? थिएटरात कधी पट्ट्या दिसतात का? पट्ट्या सतत राहिल्या तर स्क्रीन खराब होते. आणि जुने सिनेमे तर ताणून मोठेच करून बघा, नव्यासारखे दिसतात. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी आणि ‘नाशिककरांनो, पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांत तीन माणसं घरची आहेत, म्हणून ग्रुपवर गप्प बसलो. इथे बोलतो.

पट्ट्यांखाली चित्र झाकलेलं असतं, इथपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. मी घरातली मोजपट्टी काढली आणि त्रेचाळीस इंची टीव्ही मोजला. काच रुंदीला ९५ सेंटिमीटर, उंचीला साडेत्रेपन्न. आता ज्याला आपण सरसकट ‘स्कोप’ (सिनेमास्कोप) म्हणतो, त्या सिनेमाची रुंदी उंचीच्या २.३९ पट असते. ९५ सेंटिमीटर रुंदीत ते चित्र आडवं पूर्ण बसवलं तर उंची होते जेमतेम ४०. उरले साडेतेरा सेंटिमीटर, म्हणजे वर पावणेसात आणि खाली पावणेसात. त्याच त्या पट्ट्या. तिथे झाकायला काही नाहीच, कारण कॅमेऱ्याच्या चौकटीत तेवढंच होतं. कोणी काळा रंग फासलेला नाही, ती रिकामी जागा आहे.

आता मेसेजचं ऐकून झूम दाबा. चित्राची उंची साडेत्रेपन्न झाली की रुंदी होते १२८. काच तर ९५चीच. म्हणजे डावीकडचे साडेसोळा आणि उजवीकडचे साडेसोळा सेंटिमीटर टीव्हीच्या बाहेर, भिंतीवर. पूर्ण दिसतो म्हणून ज्याला ‘फुल’ म्हणताय, त्यात सिनेमाचा चौथा हिस्सा गेला.

आणि कडेला काय, नुसतं आकाशच असतं, असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, १९५९ सालचा. छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचं. त्यातलं रिकाम्या स्टुडिओतलं गाणं आठवा: वरून उतरणारा उजेडाचा झोत, आणि दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी. त्या दोघांमधलं अंतर हाच त्या प्रसंगाचा जीव. रुंद चौकट मिळाली म्हणून मूर्तींना ते अंतर दाखवता आलं. झूम केलं की सगळ्यात आधी तेच आखडतं. ज्या मूर्तींना पुढे फाळके पुरस्कार मिळाला (छायाचित्रकाराला मिळालेला तो पहिलाच), त्यांची चौकट आपण सोफ्यावर बसून अंगठ्याने दुरुस्त करायची?

‘थिएटरात पट्ट्या नसतात.’ हे वाचून मला माझा मामा आठवला. तो निफाड, सिन्नर, वणी या पट्ट्यात जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होता. स्कोपचं रीळ आलं की प्रोजेक्टरला वेगळी लेन्स लावावी लागे, कारण त्या फिल्मवर रुंद चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत मावलेलं असतं. लेन्स ते पुन्हा पसरवते. एका जत्रेत मामा ती लेन्स लावायला विसरला आणि रीळ सुरू केलं. पडद्यावर नायक, नायिका, घोडे, सगळे बांबूसारखे उंच आणि काडीसारखे बारीक. तंबूतून शिट्ट्या, आणि मागून आरोळी: “अरे जाड करा, जाड करा त्यांना!” मामा हे सांगताना दर वेळी लाजायचा. चित्राचा आकार बिघडलाय हे जमिनीवर बसलेल्या पब्लिकला अर्ध्या मिनिटात कळलं होतं, एवढं मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर थिएटर. एक-पडदा थिएटरात पट्ट्या दिसत नसत, कारण तिथे पडदाच सिनेमाप्रमाणे बदलत असे. कडेचं काळं कापड साध्या सिनेमाला आत सरकवायचं आणि स्कोप असला की दोन्ही बाजूंनी उघडायचं. त्या उघडण्याचाच एक थाट होता. म्हणजे पट्टी तिथेही होती, फक्त ती कापडाची होती आणि अंधारात भिंतीशी एकजीव व्हायची. टीव्हीच्या काचेला कडा सरकवता येत नाहीत. आणि आजच्या कित्येक मल्टिप्लेक्समध्ये ते सरकतं कापडही उरलेलं नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा जाहिराती संपून सिनेमा सुरू झाला की पडद्याच्या वर-खाली बघा. पट्ट्या असतील.

टीव्हीची काच मग स्कोपच्याच आकाराची का नाही केली, असं माझ्या बॅचमधल्या एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या टीव्हीचा आकार ४:३ (चार भाग रुंद, तीन भाग उंच), कारण तेव्हाचा सिनेमा साधारण त्याच आकाराचा होता. मग अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले. त्यांना परत थिएटरात ओढायला १९५३मध्ये सिनेमास्कोप आला. घरी मावणारच नाही असं रुंद चित्र, हाच त्याचा उद्देश. पुढे नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली तेव्हा केर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने सारख्या क्षेत्रफळाचे, पण वेगवेगळ्या प्रमाणांचे आयत कापून मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा आयत निघाला तो जवळजवळ १६:९. म्हणजे तुमच्या भिंतीवरची काच ही तडजोड आहे. चौकोनी सिनेमा आला तर कडेला थोडी जागा सुटेल, रुंद आला तर वर-खाली सुटेल, पण कोणालाच फार त्रास नको. पट्ट्या येणार हे गृहीत धरूनच हा आकार निवडलाय.

‘आमच्या लहानपणी कुठे होत्या पट्ट्या?’ ही आत्याची पुरवणी. खरं आहे, बऱ्याचदा नव्हत्या. पण त्या चौकोनी डब्यावर स्कोप सिनेमा भरून दाखवायचा तर चित्राचा ४४ टक्के भाग बाहेर ठेवावा लागे. कोणीतरी तंत्रज्ञ बसून ठरवायचा, या क्षणी डावीकडचा बोलतोय तर डावीकडचा तुकडा दाखवू, आता उजवीकडचा. म्हणून तर जुन्या कॅसेटवर दोघांच्या संवादात चित्र उगाच इकडून तिकडे सरकायचं, किंवा एक माणूस बोलतोय आणि समोर फक्त दुसऱ्याचं नाक. आम्हाला वाटायचं कॅसेट घासलीये.

पैशाचा मुद्दा. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे म्हणून विचारतो: कपाटाचे पैसे पूर्ण दिलेत आणि पैठणी घडी घालून नीट बसत नाही, तर काठ आणि पदर कापाल का? पुढे जाऊ.

स्क्रीन खराब होण्याची भीती पूर्णपणे हवेतली नाही. जुन्या प्लाझ्मा टीव्हीवर महिनोन्‌महिने तेच काळे भाग राहिले तर पॅनल असमान झिजायचा. आज बहुतेक घरांत एलईडी टीव्ही आहेत, त्यांना असल्या पट्ट्यांनी काही होत नाही. ओएलईडीवर प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळ्या भागातले दिवे बंदच असतात. आठवड्याला दोन-तीन सिनेमे बघणाऱ्याने त्याचा घोर लावून घेऊ नये. सतत एकाच जागी राहणारा वाहिनीचा लोगो त्याहून जास्त घोर लावण्यासारखा आहे.

आता ज्याचा मला खरोखर राग आला तो मुद्दा: जुने सिनेमे ताणून मोठे करा.

नाशकात बसून हे लिहिणाऱ्याने पांडवलेण्याच्या पायथ्याशी जाऊन यावं. तिथे दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. हा माणूस त्र्यंबकेश्वरला जन्मला, नाशकात गेला, आणि मधल्या काळात इथेच सिनेमे काढत होता. त्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९चा. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. सुरुवातीलाच ही चिमुरडी कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलत जाते. शंभर वर्षांपूर्वीचं पोर, आणि आजही बघणारा हसतो. त्या मूकपटाची चौकट ४:३च्या जवळची. टीव्हीवर ती मूळ आकारात लावली की डावी-उजवीकडे बारा-बारा सेंटिमीटर काळं राहतं. ते भरायला ‘वाइड’ दाबलं की चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. मी दाबून बघितलं. गोल गालांची मुलगी गालगुंड झाल्यासारखी दिसायला लागली, आणि यमुनेचं पाणी आडवं खेचलेल्या चादरीसारखं. मामाच्या तंबूतलं पब्लिक ‘जाड करा’ म्हणून ओरडलं होतं ते चूक सुधारायला. आपण चांगल्या माणसांना विनाकारण जाड करतो आणि त्याला नवं म्हणतो! ताणण्याऐवजी झूम केलं तर वरून-खालून मिळून चौथा हिस्सा जातो, म्हणजे कोणाचा तरी मुकुट, कोणाचे तरी पाय.

मेसेजवाल्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर माझंही तसंच होईल.

एक, रुंद आवृत्ती म्हणजे नेहमी जास्त चित्र असं नाही. ‘शोले’ ३५ मिलिमीटर फिल्मवर, उंच चौकटीत चित्रित झाला आणि ७० एमएमसाठी त्यातून रुंद चित्र काढलं गेलं. तिथे रुंद प्रतीत वर-खालचा भाग कमी आहे. काही इंग्रजी सिनेमेही असेच चित्रित व्हायचे. थिएटरात वर-खाली झाकून दाखवायचे आणि कॅसेटवर ते झाकण काढून टाकायचे. जास्त दिसायचं खरं, पण त्या जास्तीत कधीकधी वरून लोंबणारा माइकसुद्धा दिसायचा. ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रेवर तर पट्ट्या मध्येच गायब होतात आणि परत येतात, कारण काही प्रसंग उंच चौकटीच्या आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेत. तेव्हा मी ‘रुंद तेच खरं’ असं म्हणत नाही. दिग्दर्शकाने पडद्यासाठी जी चौकट ठरवली, ती बघा. ती कधी आडवी असेल, कधी चौकोनी.

दुसरी गोष्ट आत्यामुळे कळली. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अरे पण माझ्याकडे एका चॅनलवर चारही बाजूंनी काळं येतं, त्याचं काय?” रविवारी पंचवटीत तिच्याकडे गेलो. तिचं बरोबर होतं. ती वाहिनी रुंद चित्र चौकोनी चौकटीत पट्ट्यांसकट पाठवत होती, आणि टीव्ही त्याला कडेने आणखी दोन पट्ट्या लावत होता. मधे पोस्टकार्डाएवढा सिनेमा. इथे झूम करणं हाच इलाज, आणि त्यात चित्राचं काही जात नाही. मी तसं कबूल केल्यावर तिने काकांकडे असं बघितलं की मी चहा मागितला.

फक्त एका वाहिनीसाठी दाबलेलं ते झूम तिने परत कधी काढलंच नव्हतं. बातम्या लावल्या तर खालून सरकणाऱ्या ओळीचा फक्त वरचा अर्धा दिसत होता, अक्षरांच्या शिरोरेघा आणि थोडं डोकं. मी ‘ओरिजिनल’वर आणलं. आत्या चष्मा लावून पुढे सरकली आणि वाचायला लागली, “गंगापूर धरणातून विसर्ग...” मग काकांना म्हणाली, “आणि मी दोन वर्षं केबलवाल्याला बोलत होते.”